आमच्या मोहाचे लाडू

मोहाचा हंगाम आला हे झाडाकडे पाहून कळण्याची वर्षे माझ्या वाट्याला फार थोडी आली. पुढे ते परीक्षेच्या वेळापत्रकावरून कळू लागले. चंद्रपूरच्या वसतिगृहात सूचनाफलकावर तो कागद लागला, की सावलीकडच्या आमच्या गावी पानगळ होऊन मोहाच्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके आले असणार, असे मी मनाशी ताडत असे. मी उत्तरपत्रिकेच्या पुरवण्या दोऱ्याने बांधत असताना तिकडे फुले पडून, वेचून, वाळूनही गेलेली असत. शेवटचा पेपर देऊन गावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरायची, तेव्हा अंगणात केवळ वास उरलेला असे. आंबूस, गोड, किंचित करपट. तो वास आईच्या पातळाला असे, अंथरुणांना असे, पाण्याच्या माठालाही असे.

आता मला कोणतीच परीक्षा नाही. नागपूरच्या ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य गेले, तिथून निवृत्त होऊन ब्रह्मपुरीला राहायला आल्यालाही बराच काळ लोटला. तरी चैत्राची चाहूल लागली, की काहीतरी वाचायचे राहून गेले आहे अशी हुरहूर लागते. यंदा ती हुरहूर मला ब्रह्मपुरीच्या आठवडी बाजारात एका पोत्यापाशी घेऊन गेली. पोत्यावर वाळलेल्या मोहाचा ढीग होता, मनुकांसारखा तांबूस. विकणारीने माझ्या चष्म्याकडे आणि हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिले.

"बैलाले पाह्यजे का, बाई?"

"नाही, खायला."

"असं का. मले वाटलं दारूले. पण तशा दिसून नाई राह्यल्या तुम्ही."

शेजारची मिरच्यावाली मोठ्याने हसली. मीही हसले, आणि मोह घेऊन लगबगीने निघाले. कोणी ओळखीचे पाहत तर नाही ना, म्हणून मागे वळूनही पाहिले. इतकी वर्षे झाली, तरी मोह विकत घेताना मान वळतेच.

वसतिगृहात जाण्यापूर्वीचे जे दोन-चार हंगाम आठवतात, ते आठवणींपेक्षा स्पर्शांच्या रूपात अधिक उरले आहेत. गार पहाट. आईच्या पदराचे टोक माझ्या मुठीत. होळीनंतर झाडाखालचा पाचोळा झाडून, जाळून जमीन स्वच्छ केलेली, त्यामुळे तळव्यांना राखेची मऊ ऊब लागायची. आमच्या गावात झाडांची वाटणी कागदावर नव्हती. होळी झाल्यावर ज्याने झाडाखाली झाडले, त्याचा त्या वर्षीचा मोह, एवढाच कायदा. भांडणे होत नसत, कारण प्रत्येक घर पिढ्यान्‌पिढ्या आपापल्याच झाडाखाली झाडत आलेले होते. जंगलाच्या कडेचा तो तिरका मोह आमचा होता. उजाडता उजाडता त्यावरून फुले पडू लागत. पडताना त्यांचा आवाज होई, अगदी हलका, कोणी ओठ न उघडता हुंकार द्यावा तसा. फिकट पिवळी, रसरशीत फुले. पायाखाली आली की चिकटत. आई वेचत राही, आणि मधूनच मान वर करून जंगलाकडे पाही. त्या काळी अस्वलाची भीती होती. आता वाघाची आहे. बायका जथ्याने जातात आणि मोठमोठ्याने बोलत वेचतात.

आमच्या सोबत वच्छला असायची. शेजारच्या घरातली, माझ्याच वयाची. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती आणि बापाला दारूवाचून दुसरे काही उरले नव्हते. ती आमच्याकडे जेवायची, आमच्याकडे वेणी घालून घ्यायची, आणि वेचण्यात माझ्यापेक्षा चपळ होती. तिची टोपली आधी भरायची. आई म्हणायची, "इंदे, तू फुलाकडे पाहात बसतं. ते पाह्याले नाई, वेचाले पडलं हाय." वच्छला तोंडावर हात ठेवून हसायची.

लाडू कसे होतात हे मात्र मी कधी नीट पाहिलेच नाही. लहानपणी माझे लक्ष फक्त खाण्याकडे असे, आणि पुढे ते होत त्या दिवसांत मी वसतिगृहात असे. आई लाडवांचे गाडगे कणगीच्या मागे ठेवी. मी सुटीत आले, की हातपाय धुण्याआधीच ती गाडगे काढी. काळसर, चमकदार लाडू. दाताखाली आधी जवस फुटायचा, मग मोह, आणि सर्वांत शेवटी धुराची एक बारीक चव. प्रत्येक लाडवाला एका बाजूला खळगा असे. भात कापताना विळा लागून आईचा उजवा अंगठा कायमचा ताठ झालेला होता. मूठ वळली तरी तो वळत नसे. लाडू बांधताना तो आत रुतून बसे. मी त्या खळग्यात जीभ घालून लाडू खायला सुरुवात करी.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तेव्हा कणगीमागे गाडगे नव्हते. आईने रव्याचे लाडू पुढे केले, वर बेदाणा लावलेले.

"मोहाचे नाही केले?"

"आता कोण वेचते व मोह. माहे गुडघे धरले. अन् तू आता शहरातली, तुले कायले पाह्यजे ते."

मी रव्याचा लाडू खाल्ला. पुढच्या वर्षीही तेच उत्तर मिळाले. त्यानंतर मी विचारणे सोडून दिले. तिचे गुडघे खरोखरच दुखत असतील, या विचाराने मी नागपूरहून तिच्यासाठी तेल नेऊ लागले. ती ते ठेवून घ्यायची. ती गेल्यानंतर घर आवरताना त्या तेलाच्या बाटल्या सापडल्या. एकीचेही बूच उघडलेले नव्हते. म्हातारी माणसे वस्तू जपून ठेवतात, असे मला त्या वेळी वाटले.

तर यंदा मी स्वतःच लाडू करायला घेतले. यजमान दारात उभे राहून पाहत होते. ते नागपूरच्या माळकरी घरातले. जिथे मोह हा शब्द उच्चारला तरी सासूबाई चूळ भरतील, असे मला लग्नाआधीच सांगण्यात आले होते. सासूबाई आता नाहीत. यजमानांचा स्वभाव मुळात मवाळ. ते एवढेच म्हणाले, "खिडकी उघडू का?" मी फुले निवडली, कढईत भाजली. भाजताना ती फुगली, वास सुटला, आणि क्षणभर मला वाटले की जमले. मग ती गार होऊ दिली आणि मिक्सरमध्ये घातली. पात्याला डांबरासारखा थर चिकटून बसला. वर नुसता भुसा उडत राहिला. त्यात जवस घालून मुठीत दाबले, तर मूठ उघडताच सारे ताटात सांडले. तोंडात टाकले तर कडवट, आणि घशाला बारीक कुसळासारखे काही टोचत होते.

"चांगलं आहे," यजमान चमच्याने भुसा खात म्हणाले.

"काय चांगलं आहे त्यात?"

"वास."

मग मी फोन घेतला. ज्या गोष्टी आईला विचारता येत नाहीत त्या हल्ली आपण फोनला विचारतो. 'मोहाचे लाडू' असे लिहिले आणि पहिल्याच चित्रफितीत वच्छला दिसली.

ओळखायला वेळ लागला नाही. केस पांढरे, अंग भरलेले, पण हसताना तोंडावर ठेवायचा हात तोच. बचत गटाच्या बायका सारख्या रंगाच्या साड्यांत ओळीने बसल्या होत्या. वच्छला सांगत होती: वाळली फुले आधी गोणपाटावर हलक्या काठीने झोडपायची, म्हणजे आतले तुरे गळतात, ते राहिले तर घशाला लागतात. मातीच्या खापरीत मंद आचेवर भाजायची. गरम आहेत तोवरच भाजल्या जवसासोबत उखळात कुटायची, गार झाली की खेळ संपला. कोणीतरी पडद्यामागून विचारले, "कोणाकडून शिकल्या, वच्छलाताई?" ती म्हणाली, "माह्या मायकडून." मग तिने लाडू वळला, आणि वळून झाल्यावर अंगठा मुद्दाम ताठ करून त्यात दाबला. "असा अंगठा दाबाचा. ही आमची खूण." ओळीतल्या सर्व बायकांनी आपापल्या लाडवात अंगठा दाबला.

ती फीत मी पुन्हा लावली नाही. एकदा पाहिली तीच पुरे झाली. ओट्यापाशी उभी राहून मिक्सरच्या पात्यावरचा थर खरवडू लागले. पायाखालचे काहीतरी कोणी अलगद ओढून नेले होते आणि मी अजून पडले नव्हते, इतकेच. जिला माझ्या ताटातले अर्धे मिळत आले होते, तिने उरलेले अर्धेही उचलले होते. त्या ताठ अंगठ्यामागे रक्त होते, तापात काढलेले दिवस होते, आणि ते सारे आता एक नक्षी झाले होते, ओळीने बसून दाबायची.

मी भांडणारी बाई नाही. ग्रंथालयात कोणी पुस्तकाची पाने फाडून नेली, तरी मी त्याला खालच्या आवाजात "असे करू नये" एवढेच म्हणत असे. पण त्या आठवड्यात मी सावलीची बस धरली, आणि पुढे खचाखच भरलेल्या काळीपिवळी जीपमध्ये बसून गावी गेले. आई गेल्यावर घर आवरले, त्यानंतर पहिल्यांदाच. काय बोलायचे ते वाटेत मनाशी घोकत होते: तू तिचे नाव घ्यायला हवे होतेस. एवढे एकच वाक्य.

वच्छला अंगणात फुले झोडपत बसली होती. अंगणभर मोह पसरला होता. तिने काठी थांबवली.

"इंदे. काऊन, रस्ता चुकली काय?"

"तुझ्याकडेच आले."

"बस मंग. फोन नाई, काई नाई. आंधी पाय धू. अजूनबी पुस्तकावानीच बोलतं व तू."

तिने पाणी दिले, आतून ताटली आणली. ताटलीत लाडू होता. मी तो खाल्ला, आणि वाटभर घोकलेले वाक्य राहूनच गेले. कारण तो हुबेहूब होता. जवस, मोह, शेवटी धूर. इतक्या वर्षांनी ती चव मला मिळत होती, आणि ती दुसऱ्याच्या अंगणात, पाहुणी म्हणून मिळत होती.

"फोनवर पाहिलं तुला," मी कसेबसे म्हणाले.

"हो काय? कशी दिसतो मी? पोरी म्हणते जाडी दिसतो."

"वच्छला, त्यात तू माझी माय म्हणालीस."

"हो."

"ती माझी माय होती."

तिने तळहाताने फुले एका बाजूला सारली. "तुहीच होती. मी कुठी नाई म्हणतो? पण मले दुसरी होती काय?"

तरी मी म्हणाले, "नाव तरी घ्यायचं होतं तिचं."

"नाव घ्याले तिनंच मना केलं."

मग तिने सांगितले. सांगताना तिची काठी चालूच होती, त्यामुळे मधून मधून मला पुढे वाकून ऐकावे लागत होते.

"तुले पाह्याले आले होते न नागपूरचे, त्या दिवशीची गोठ. तू आतमंधी पावडर लावून बसली होती. अंगणात मोह वाळू घातला होता, उचलाले टाइम नाई भेटला. तुह्या सासूनं पदर नाकाले लावला. म्हणे, हे काय आहे? तुही माय म्हणे, आमचं नाई जी, शेजारच्या पोरीचं होय. तिच्या घरी जागा नाई म्हून टाकते इथी. अन् मी तिथीच उभी, हातात पाण्याचे गिलास घेऊन."

"मग?"

"मंग काय. सारे माह्याकडे पाह्याले लागले. मी म्हणली, हो जी, माहाच होय. माहा बाप कसा पेत होता ते साऱ्या गावाले मालूम. कोणाले खोटं वाटलं नाई."

ती हे सांगताना हसली. तोंडावर हात न ठेवता.

"दिवा लावाच्या टाइमाले माय माह्या घरी आली. लाडवाचं गाडगं घेऊन. म्हणे, वच्छे, आजपासून मोह तुहा. झाडबी तुहं, होळी झाली का तूच झाडत जाय. पण माहं नाव कधी घेऊ नोको. इंदीच्या घरी समजन तं तिले बोलतीन. मी शब्द देल्ला."

"त्यानंतर ती लाडू करायची?"

"दरसाली. इथीच, ह्या उखळात."

"तिचे गुडघे धरले होते ना?"

वच्छलाने माझ्याकडे पाहिले. मला हे ठाऊक नव्हते, हे तिला त्या क्षणी कळले असावे. कारण तिची काठी पहिल्यांदाच थांबली.

"गुडघे कुठचे व," ती हळू म्हणाली. "शेवटच्या सालापर्यंत कुटलं तिनं. पहिला लाडू बांधला का बाजूले ठेवे. म्हणे, हा इंदीचा. मंग तो कोणी खाये नाई. सांजच्याले गाईले देऊन टाके."

बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण ज्याच्याशी बोलायचे ते माणूस नव्हते. वच्छलाचा राग घेऊन आले होते. तो तिच्या अंगणात टेकवायला आता जागा उरली नाही. तो तिथून उठला आणि आईकडे गेला. माझ्या हातात रव्याचा लाडू देताना तिचा चेहरा कसा होता, हे मी आठवू लागले. शांत होता. तिला ते सहज जमले होते. माझा संसार सुखाचा व्हावा म्हणून तिने माझे लाडू, माझे झाड आणि तिच्या म्हातारपणाचे सारे चैत्र माझ्यापासून दडवले, आणि मला त्यातले काही नको आहे हे माझ्या वतीने तिनेच ठरवले. गाईला विचारावे इतकेही मला विचारले नाही.

"आता घे नाव," मी म्हणाले. "सासूबाई नाहीत. आई नाही. आता कोण कोणाला बोलणार?"

"जिले शब्द देल्ला तेच नाई, तं वापस कोणाले मागू?" वच्छला म्हणाली. "नाव नाई घेत मी. अंगठा तेवढा ठेवला. त्याच्याबद्दल तिनं काई म्हटलं नोहतं."

निघताना तिने लाडू बांधून दिले आणि म्हणाली, "होळीले येत जाय. झाड मोठं हाय, दोघीले पुरते." मी ते लाडू पिशवीत ठेवले. ती जेव्हा पाणी देत उभी होती आणि सारे तिच्याकडे पाहत होते, त्या दिवसाचे मी तिचे काय देणे लागते, हे मला अजून कळलेले नाही. आणि माझे कोण काय देणे लागते, हेही नाही.

घरी आल्यावर यजमानांना सारे सांगितले. इतक्या वर्षांच्या संसारात मी एका दमात इतके क्वचितच बोलले असेन. त्यांनी लाडू हातात घेतला, फिरवून पाहिला, खाल्ला. मग म्हणाले, "पण तो मोह तुमचाच होता हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"कसं?"

"तुझ्या आईने चहा दिला ना. हातांना वास येत होता. परत जाताना गाडीत आमची आई म्हणाली, बिचारी मुलीसाठी खोटं बोलली. पुढे म्हणाली, वास मात्र छान होता."

"चूळ भरतील म्हणे सासूबाई."

"कोण म्हणालं? पदर लावला तो चारचौघांसाठी. तिच्या माहेरी मोहाच्या पुऱ्या करायचे."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तूच लपवते आहेस. म्हटलं, कशाला दुखवा."

ते खरोखर निर्मळ मनाने बोलत होते, आणि मला त्यांचाही राग आला. आईने माझ्यासाठी लपवले. वच्छलाने आईसाठी. सासूबाईंनी आईची अब्रू राखली, यजमानांनी माझी. एवढी सगळी भली माणसे भोवती उभी राहून एकमेकांना सांभाळत होती, आणि मधोमध मी बसले होते, रव्याचा लाडू खात. कोणीही वाईट वागले असते, तर मला आज एवढे एकटे वाटले नसते.

या साऱ्यांना आपापला शब्द पाळायचा होता. माझ्याकडून मात्र कोणी शब्द घेतलेला नाही, कारण मला कोणी काही सांगितलेच नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके कपाटात लावत आले. स्वतःचे चार शब्द छापायला देण्याचा धीर या वयात होतो आहे. गावात आईला कोणी नावाने हाक मारली नाही. ती आधी कोणाची सून होती, मग इंदीची माय झाली, आणि फोनवरच्या त्या फितीत तर तेवढीही उरली नाही. तिचे नाव असे छापून आलेले तिला आवडले नसते. तिने जे केले, तेही मला आवडलेले नाही. तिचे नाव गिरजा होते, आणि अंगणात वाळत घातलेला तो मोह शेजारच्यांचा नव्हता, आमचा होता.